सहीच्या पुढे काय असतं ते मला ग्रुपमध्ये कळलं

लोकांच्या मागण्या सरकारपुढे मांडणाऱ्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये मी आले ती एका ऑनलाइन याचिकेमुळे. सही केल्यावर लगेच मेसेज आला, थांबताय का, पुढे काम आहे. थांबले, आणि नागरिकशास्त्र मला खऱ्या अर्थाने तिथेच समजलं.

सुरुवातीला नुसती वाचायचे. संताप, लिंका, वाद, सगळं धो धो यायचं, पण एक काका होते ते प्रत्येक तक्रारीखाली विचारायचे, "हे कोणाच्या हातात आहे?" ग्रुपच्या शीटमध्ये रकानेच तसे होते, मागणी काय, निर्णय कोणाचा, मुदत कधी. तो मधला रकाना भरायचं काम माझ्याकडे आलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कायद्याचा मसुदा उघडून बसले, कुठलं कलम कुठल्या खात्याचं, नियम कोण करतं, हरकती कुठे पाठवायच्या, दर ओळीला अडत होते आणि कोणी ना कोणी समजावत होतं.

याचिकांचंही तिथेच कळलं. ब्रिटनच्या संसदेच्या साइटवर १०,००० सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, १ लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. खाजगी साइटवर मात्र कितीही सह्या होऊदेत, उत्तर द्यायचं कोणावर बंधन नाही. म्हणून त्या वाया जातात असं अजिबात नाही, इंग्लंडमधली सरकारी जंगलं विकायचा बेत २०११ मध्ये मागे घ्यावा लागला तेव्हा ५ लाखांवर सह्या होत्याच, पण लोकांनी आपापल्या खासदारांनाही गाठलं होतं.

आणि काही ग्रुपना तुमची फक्त सही हवी असते, आकडा वाढला की झालं, तिथे माणूस काही शिकत नाही हे मी ठामपणे सांगते. आमच्याकडे कुठला विषय घ्यायचा यावर मतदान व्हायचं, त्याआधी कडाक्याचे वाद, आणि वेगळं मत मांडलं म्हणून कोणाला काढायचं नाही हा नियम ॲडमिननी शेवटपर्यंत पाळला. मला सगळ्यात जास्त या वादांनी शिकवलं, कारण समोरच्याचा मुद्दा खोडायचा तर आधी तो नीट वाचावा लागतो.

मागच्या विषयात मी विरोधात मत दिलं आणि आमची बाजू हरली. तरी हरकतीचं पत्र लिहायला मलाच सांगितलं, विरोधातल्यांच्या शंका त्यात याव्यात म्हणून, आणि त्या आल्या, दुसऱ्याच परिच्छेदात.