दाराबाहेरचे स्टूल

आमच्या घरात एक लाकडी स्टूल आहे. माळ्यावरची भांडी काढणे आणि दिवाळीत आकाशकंदील टांगणे, एवढ्या दोनच कामांसाठी ते बाहेर निघे; एरवी न्हाणीघराच्या दारामागे उभे असे. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्या पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या दाराबाहेर गेले आणि पुढे सव्वा वर्ष तिथेच राहिले. ही कल्पना कोणी सुचवली ते आता आठवत नाही. आठवते ते एवढेच, की आठवड्याभरात जिन्यातल्या प्रत्येक दाराबाहेर काही ना काही आले: कुठे प्लॅस्टिकची खुर्ची, कुठे पाट, आणि पहिल्या मजल्यावर तर चक्क शिवणयंत्राचे रिकामे टेबल.

सकाळी दूधवाला पिशव्या स्टुलावर ठेवी, कोपराने बेल दाबी आणि आम्ही दार उघडेपर्यंत दोन पायऱ्या उतरून गेलेला असे. मग त्या पिशव्यांना साबणाची आंघोळ. विषाणू पुठ्ठ्यावर २४ तास आणि प्लॅस्टिक वा पोलादावर ७२ तासांपर्यंत तग धरू शकतो, हे प्रयोगशाळेतले निष्कर्ष त्याच महिन्यात प्रसिद्ध झाले होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून ते आमच्यापर्यंत येईतो त्यांना बरीच फोडणी बसली होती. त्यामुळे भाजी खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडे, सुटे पैसे साबणाच्या पाण्यात, आणि माझ्या एका नातेवाइकांनी तर नोटांवर इस्त्री फिरवायला सुरुवात केली. आज हसू येते. तेव्हा त्यांचे ऐकून मीही एकदा इस्त्री तापवली होती.

या सगळ्यात मला नवल वाटले ते आपल्याला हे किती सहज जमले याचे. अंतर ठेवा म्हणून सांगायचा अवकाश, आमच्या हातांना ते जणू आधीपासूनच येत होते. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करी, तेव्हा आम्हा नातवंडांना चुलीपासून चार हात लांब थांबावे लागे आणि हातातली वस्तू खाली ठेवून मागे सरकावे लागे. मग ती उचलून घेई. ते निदान सर्वांना सारखे होते. मागच्या दारी ताक न्यायला एक बाई येत. त्यांच्या गडव्यात आजी वरून धार धरी, पातेल्याचा काठ गडव्याला लागता कामा नये इतक्या उंचावरून, आणि एक थेंबही बाहेर सांडत नसे. आम्हा मुलांना त्या नेमकेपणाचे केवढे कौतुक वाटे!

स्टुलाबद्दल चांगले सांगण्यासारखेही आहे, ते सांगायला हवे. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. बाजार बंद, घरात साखरेची गाठी नाही, कडुलिंबाचा पाला नाही. सकाळी दार उघडले तर स्टुलावर कडुलिंबाची एक डहाळी आणि अर्धी तोडलेली गाठी. समोरच्या काकूंशी दहा वर्षांत माझे बोलणे पाण्याची वेळ आणि जिन्यातला दिवा यांपलीकडे गेले नव्हते. त्यानंतर मात्र त्यांच्या खुर्चीवरून आमच्या स्टुलावर आणि आमच्या स्टुलावरून त्यांच्या खुर्चीवर वाट्यांची अशी ये-जा सुरू झाली, की कोणाची वाटी कोणाकडे आहे याचा हिशेब अजून लागलेला नाही.

ज्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन राज्याने मार्चमध्ये निर्बंध लावले, तो १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या साथीतला. त्या वर्षीचे पुणे आम्ही शाळेत चापेकर बंधूंच्या निमित्ताने शिकलो: घरोघर शिरणारे गोरे सोल्जर, रॅण्ड, गणेशखिंडीचा रस्ता. त्याच साथीत मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या, आणि त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रातले पहिले कोविडरुग्ण पुण्यातच सापडले, ते ९ मार्च २०२० रोजी. दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंचा स्मृतिदिन होता आणि आम्ही सॅनिटायझरच्या बाटल्या शोधत फिरत होतो. विषाणूशी हुज्जत घालण्यात शहाणपण नाही, हे मलाही कळते. रुग्णाला पाठीवर घ्यायला मला कोणी सांगितलेही नव्हते.

मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पोळ्या आणि भांड्यांना येणाऱ्या मावशी एप्रिलचा पगार न्यायला आल्या. सोसायटीने त्यांना महिनाभर फाटकातून आत घेतले नव्हते. त्या दिवशी पहारेकऱ्याने पाच मिनिटांची परवानगी दिली. मी पाकीट स्टुलावर ठेवले आणि मागे सरकले. त्या चार पायऱ्या खाली उभ्या होत्या, त्या वर आल्या, पाकीट उचलले आणि पुन्हा चार पायऱ्या उतरून मग बोलल्या. दोघींच्याही तोंडाला पदर आणि ओढणी. "बऱ्या आहात ना, ताई?" त्यांनी विचारले. मी स्टुलावरची, त्यांचा हात लागलेली जागा त्या जिना उतरेपर्यंत पुसली नाही, एवढे मात्र पाळले.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने स्पष्ट केले, की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. विषाणू हवेतून येत होता आणि आम्ही स्टूल पुसत होतो.

मावशी मात्र त्याआधीच, २०२० च्या ऑगस्टमध्ये, कामावर परतल्या. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी आले घालून चहा केला आणि आमच्याच कपांपैकी एका कपात ओतू लागले. त्यांनी मला थांबवले, वाकून ओट्याखालच्या फळीवरून स्वतःचा कप काढला, विसळला आणि पुढे केला. पाच महिन्यांत त्यावर धूळ बसली होती. कान उडालेला तो कप मीच तिथे ठेवला होता, त्या कामाला लागल्या त्या आठवड्यात, आणि त्या वर्षी कसलीही साथ नव्हती.