आमची वाटचाल : काजूचा हंगाम आणि सोमवारची बैठक

गोव्यातील डिचोली तालुक्यातील आमचा काजू कारखाना वडिलांनी सुरू केला तेव्हा धंद्याचे स्वरूप सरळ होते : मार्च ते मे या काळात बागायतदारांकडून बी घ्यायची, गर काढायचा आणि घाऊक व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. पुढे तो गर कोणाच्या नावाने विकला जातो, याच्याशी आमचा संबंध नसे. कारभार माझ्याकडे आल्यावर धोरण बदलले : बी फक्त गोव्यातील, गर प्रतवारी केलेला आणि विक्री स्वतःच्या पाकिटातून. हे ठरवायला एक बैठक पुरली. ते कारखान्याच्या अंगवळणी पडायला मात्र काही हंगाम जावे लागले.

काजूच्या धंद्यात नफा विक्रीच्या भावापेक्षा उताऱ्यावर अधिक अवलंबून असतो. शंभर किलो वाळक्या बीतून साधारण पंचवीस ते तीस किलो गर मिळतो आणि त्यात अख्खा किती, पाकळी किती, तुकडा किती यावर त्याचे मोल ठरते. अख्ख्या गरातही आकारानुसार प्रती असतात; डब्ल्यू-240 हा डब्ल्यू-320 पेक्षा मोठा आणि महाग. 320 म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर. बी नीट वाळली नसेल किंवा बीला दिलेली वाफ कमीजास्त झाली तर कटिंगच्या, म्हणजे कवच कापण्याच्या वेळी गर फुटतो; बोरम्यात, म्हणजे गर वाळवण्याच्या भट्टीत, तो फार वाळला तर साल काढताना फुटतो, आणि कमी वाळला तर साल सुटतच नाही. पूर्वी महिनाअखेरीस एकच एकूण आकडा निघे, त्यातून नुकसान कोणत्या पायरीवर झाले हे कधीच कळत नसे. म्हणून प्रत्येक खरेदीला लॉट क्रमांक दिला आणि त्या लॉटची वाळवणी, वाफेची वेळ, अख्ख्या गराचे प्रमाण भिंतीवरच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. कटिंगवरच्या बायकांना आरंभी ही आपल्यावर ठेवलेली पाळत वाटली, आणि त्यांचा संशय अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. पण फळा भरत गेला तसे दिसले की फूट हातांनुसार नव्हे, लॉटनुसार बदलते आणि तिचे मूळ बहुतेकदा वाळवणीच्या खळ्यात असते. त्यानंतर मजुरीची पद्धतही बदलली : नुसत्या किलोमागे दर दिला की घाई होते, म्हणून अख्ख्या गराला वेगळा, वाढीव दर ठेवला.

केवळ पैशांच्या आकड्यांवर न विसंबता ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया आणि शिकण्याची क्षमता यांचेही मापन करावे, असा विचार रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन या अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञांनी 1992 मध्ये मांडला. त्यांच्यासमोर मोठ्या कंपन्या होत्या. आम्हाला चार आकडे पुरतात : उतारा, अख्ख्या गराचे प्रमाण, गोदामातली बी आणि थकलेली उधारी. सोमवारी सकाळी मुकादम, गोदामाचा हिशेबनीस आणि विक्री पाहणारा माझा भाचा यांच्यासह हे चार आकडे पाहिले जातात. ठरलेले काम कोणाकडे आणि कधीपर्यंत, हे तिथेच वहीत लिहिले जाते. माझे नावही त्याच वहीत असते.

सर्वांत कठीण शिस्त भांडवलाची. वर्षभराची बी हंगामातच घ्यावी लागते, तर पाकिटांची मागणी चतुर्थी, दिवाळी आणि ऑक्टोबरपासूनच्या पर्यटन मोसमात येते; मधले महिने बँकेचे व्याज चालूच राहते. त्यामुळे खरेदीची मर्यादा हंगामाआधी लिहून ठेवतो आणि भाव उतरला तरी ती ओलांडत नाही. आफ्रिकेतून येणारी बी स्वस्त पडते, ती मिसळून मोठी मागणी पुरवण्याचा आग्रह एका घाऊक ग्राहकाने धरला होता. ती मागणी आम्ही सोडली. 2023 मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मूळ दाखवण्यासाठी लागणाऱ्या लॉटनिहाय नोंदी आमच्याकडे आधीच तयार होत्या.

सध्या साल काढण्याच्या यंत्राचा प्रस्ताव विचारात आहे. विक्रेत्याच्या आवारात आमचाच एक लॉट चालवून अख्ख्या गराचे प्रमाण किती घसरते ते आधी पाहायचे आणि मगच पैसे गुंतवायचे, असे वहीत लिहिले आहे. ते काम माझ्या नावावर आहे.