ब्रेक का नाही मारलात?

गंगापूर रोडला सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींपैकी निम्म्यांनी तरी हे विचारून झालंय. मिसळीच्या टेबलावर तर ठरलेलंच. "काका, विमान टेकलं होतं ना? मग वाकडं जायला लागल्यावर ब्रेक का नाही मारलात?" वर आणखी, "ओझरची सुखोई केवढ्या वेगात उतरते, ती नाही गरगरत!"

सुखोईच्या चाकांचा तिसरा पाय नाकाखाली असतो, आमच्या पुष्पक या छोट्या विमानाचा शेपटीखाली. मॉलमधली भरलेली ट्रॉली नेहमीसारखी ढकलली तर सरळ जाते. तीच उलटी करून जोरात ढकला. जरा तिरकी झाली की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि ट्रॉली फिरते. सुखोईचं वजन मुख्य चाकांच्या पुढे, त्यामुळे तिरकी झाली तरी ती स्वतःच सरळ व्हायला बघते. पुष्पकचं वजन चाकांच्या मागे, म्हणून तिरकेपणा वाढतच जातो. याला ग्राउंड लूप म्हणतात. नव्वद अश्वशक्तीचं, कापड ताणून बसवलेलं, दोघांपुरतं विमान. पण उतरताना कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

इतकी वर्षं मी एवढंच सांगून मिसळीत पाव बुडवत आलो. हे खोटं नाही. अर्धं आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा. दुसऱ्या जिल्ह्यातला फ्लाइंग क्लब, एकट्याने उडायला लागून दोनच आठवडे झालेले. त्या दिवशीचं उतरणं सुंदर झालं, हे मी आजही सांगेन. तिन्ही चाकं एकदम टेकली, उशी ठेवावी तशी. हँगरपाशी सर उभे होते, शेजारी क्लबातली दोन पोरं. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. हसलोही असेन.

पाय तेवढ्यात सैल पडले.

नाक डावीकडे किंचित सरकलं. किंचितच, कॅलेंडर भिंतीवर तिरकं वाटावं इतकं. मी उजवा रडर, म्हणजे शेपटीवरची उभी फळी फिरवणारं पायातलं पेडल, दाबला, पण उशिरा, आणि दाबूनच ठेवला. विमान सरळ होऊन उजवीकडे निघालं. मग डावा, तळापर्यंत. काही होईना. वेग कमी झाला की रडरला हवा पुरत नाही, हे वर्गात शिकलो होतो. पायाला ते तेव्हा कळलं. धावपट्टीची कड उजवीकडून समोर आली, मग गवत, मग हँगर, आणि ज्या बाजूने मी उतरलो ती बाजू. डावा पंख खाली झुकून जमिनीला घासला. त्या बाजूच्या चाकाचा पाय मुडपला. कापड फाटल्याचा आवाज आला, घरात चादर फाडतात तसाच. स्कूटर पळते तेवढ्या वेगात हे सगळं झालं, आणि मला खरचटलंसुद्धा नाही.

आता तुमचा प्रश्न. ब्रेक मारला होता. डाव्या-उजव्या चाकांचे वेगवेगळे असतात, ते दोन्ही, घाबरून, सायकलवर मारतात तसे. नुसता डावा, हलकेच, मारला असता तर कदाचित सावरलं असतं. दोन्ही दाबल्यावर शेपूट उचललं, नाक खाली गेलं आणि नाकावरच्या पंख्याने माती खाल्ली. पंखा वाकला तो ब्रेक न मारल्यामुळे नाही, मारल्यामुळे.

क्लबात लिहून दिलेल्या कागदावर मात्र मी "वाऱ्याचा अचानक झोत" असं लिहिलं. तो तेवीस वर्षांचा पोरगा समोर आला तर त्याला विचारीन, अरे, हँगरकडे कशाला बघत होतास? तो म्हणेल, काका, नोकरी तुम्हाला लागायची होती की मला? याला माझ्याकडे उत्तर नाही. सरांनी कागद वाचला, सही केली, एक शब्द बोलले नाहीत. मोठ्याने ओरडले असते तर मी कदाचित पुन्हा उडालो असतो. किंवा नसतोही; सोडायला कारणच शोधत असेन. बायको म्हणते दुसरं खरं. तिने मला उडताना कधी पाहिलेलं नाही, तरी म्हणते.

हँगरवरच्या पोरांपैकी एक नंतर म्हणाला, वाऱ्याची पिशवी तेव्हा खाली लोंबत होती, हलतसुद्धा नव्हती.

असेल. ती पिशवी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला होती. माझ्या टोकाला झोत होता. थोडा.