शनिवारी रात्री साडेअकरा

आज सुट्टी होती तर दिवसभर सॅटर्डे नाइट लाइव्ह या अमेरिकेतल्या थेट प्रसारित होणाऱ्या विनोदी टीव्ही शोबद्दलच वाचत आणि जुन्या क्लिप्स बघत बसले, खरं सांगते डोकं अजून तिकडेच आहे. ११ ऑक्टोबर १९७५ ला न्यूयॉर्कमधून एनबीसी या चॅनलवर पहिला एपिसोड गेला, होस्ट कॉमेडियन जॉर्ज कार्लिन. आणि तो स्टुडिओ ८एच, आजही शो तिथूनच होतो, तिथे आधी प्रसिद्ध संगीत संचालक टोस्कानिनीचा ऑर्केस्ट्रा वाजायचा!

मला सगळ्यात भारी वाटलं ते त्यांचं आठवड्याचं गणित. सोमवारी आयडिया, मंगळवारी रात्रभर लिखाण, बुधवारी सगळे टेबलाभोवती बसून स्केचेस, म्हणजे छोटी विनोदी नाटुकली, वाचणार, मग सेट, कपडे, आणि शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर पूर्ण रंगीत तालीम. तिथे हशा पिकला नाही की स्केच कट, म्हणजे लाइव्ह जायला थोडाच वेळ उरलेला असताना क्रम बदलतो, वाक्यं बदलतात, हाताने लिहिलेली क्यू कार्डं (कलाकार ज्यावरून संवाद वाचतात ते मोठे कागद) पुन्हा लिहायची. एवढं करून पुढच्या एपिसोडला परत शून्यापासून. त्या लिहिणाऱ्यांना माझा सलाम आहे.

१९८० ला शोचा निर्माता लॉर्न मायकल्स सोडून गेला, जुनी टीमही गेली, शो आता बंदच पडतो की काय अशी वेळ आली आणि १९ वर्षांच्या एडी मर्फी या नव्या विनोदी कलाकाराने तो सावरला. मायकल्स १९८५ ला परतला, २०२५ मध्ये पन्नाशीचा स्पेशल झाला तेव्हाही सूत्रं त्याच्याचकडे. आता एडीचे स्केचेस लावलेत, तुमचे आवडते कुठले ते सांगा ना.