ज्याला बोलता येत नाही त्याची तक्रार कोण घेणार?

माझा धाकटा भाऊ बोलत नाही. म्हणजे आवाज काढतो, हात धरून ओढतो, नको असेल तर मान फिरवतो, आम्हाला घरच्यांना बरंचसं कळतं पण बाहेरच्याला नाही कळत. काही वर्षांपूर्वी तो चार महिने एका संस्थेत होता आणि एकदा भेटायला गेलो तर दोन्ही मनगटांवर पट्टा आवळल्याचे वळ. सिस्टर म्हणाल्या, "स्वतःलाच मारून घेतो, म्हणून बांधावं लागतं." किती वेळ बांधलं, कोणी सांगितलं, केस पेपरवर लिहिलंय का, कशालाच उत्तर नाही. तक्रारीचा फॉर्म होता, पण तो द्यायचा त्याच संस्थेच्या अधीक्षकांकडे, आणि भाऊ रात्रभर त्यांच्याच ताब्यात. मी फॉर्म भरला नाही. आठवड्याभरात त्याला घरी आणलं, पण त्याच्या शेजारच्या कॉटवरचा मुलगा तिथेच राहिला, त्याला भेटायला मी कधी कोणी आलेलं बघितलं नव्हतं.

तेव्हापासून रुग्ण आणि अपंगांच्या हक्कांवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणांबद्दल मिळेल ते वाचतोय. आणि माझं मत पक्कं झालंय की अशा वॉचडॉगने तक्रार यायची वाट बघत ऑफिसात बसायचंच नाही. तक्रार करायला बोलता यावं लागतं, हातात फोन लागतो, आणि तक्रार केल्यावरची रात्र कशी जाईल ही भीती नसावी लागते. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच्याकडे यातलं काहीच नसतं.

न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेचं उदाहरण घ्या, साधारण 4,000 जणांसाठी बांधलेली जागा आणि 1960 च्या दशकात तिथे 6,000 च्या वर माणसं कोंबलेली. 1972 मध्ये टीव्हीचा कॅमेरा आत गेला तेव्हा लोकांनी घाणीत उघडी बसलेली मुलं बघितली. त्यानंतर 1975 च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक राज्यात हक्करक्षणाची वेगळी यंत्रणा आली आणि अट ही की जो सेवा देतो त्याच्यापासून ती स्वतंत्र हवी. तिला संस्थेत शिरायचा, माणसांना भेटायचा आणि रेकॉर्ड बघायचा अधिकार आहे. 1986 मध्ये मानसिक आजार असलेल्यांसाठीही तसाच कायदा झाला.

पण नुसती यंत्रणा असून भागत नाही हो. इंग्लंडमध्ये विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या खाजगी हॉस्पिटलातली मारहाण 2011 मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यामुळे बाहेर आली, आणि तिथल्या एका सिनियर नर्सने त्याआधीच नियामक संस्थेला कळवलेलं होतं! तरी कोणी हललं नाही. मला हे वाचून जास्त त्रास झाला, कारण इथे कोणीतरी बोललं होतं.

म्हणून न सांगता जाणं महत्त्वाचं. आधी कळवून इन्स्पेक्शन केलं की चादरी बदललेल्या असतात, पट्टे कपाटात गेलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराच्या 2002 च्या जोड-करारात हेच लिहिलंय की कुठे जायचं ते भेट देणाऱ्यांनीच ठरवायचं, आतल्या माणसाशी एकांतात बोलायचं आणि माहिती दिली म्हणून कोणाला त्रास द्यायचा नाही, आणि जिथून स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येत नाही अशी मनोरुग्णालयंही त्यात येतात. अपंगांच्या हक्कांचा 2006 चा करार तर कलम 16 मध्ये सरळ म्हणतो की अपंगांसाठीच्या सगळ्या सोयी आणि कार्यक्रमांवर स्वतंत्र यंत्रणेची देखरेख हवी. सगळ्या, फक्त बदनाम झालेल्या नाही.

आणि एकांतात म्हणजे घरच्यांशिवायसुद्धा, हे पचवायला मला वेळ लागला. आपण प्रेमापोटी बोलतो पण कधीकधी आपली सोयही बोलत असते, त्याला तिथे ठेवायचा निर्णय आमचा होता, त्याला कोणी विचारलं नव्हतं. वॉचडॉग त्याच्या बाजूने उभा राहणार असेल तर गरज पडली तर माझ्याही विरोधात उभा राहिला पाहिजे.

बोलत नाही त्याच्याशी कसं बोलणार, असं विचारतात लोक. चित्रं दाखवा, घाई करू नका, दोनतीनदा जा. त्या चार महिन्यांत कोणी बाहेरचं माणूस अर्धा तास त्याच्याजवळ बसलं असतं ना, तर त्याने मनगटं पुढे केली असती. दुखलं की तो हेच करतो, दुखतंय ती जागा समोर धरतो आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.