मीटरवरचा आकडा आणि इंजिनाचे तास

माझा धाकटा भाऊ ट्रक चालवतो आणि हिशेब मी बघते. डिझेल, टायर, ऑइल, हप्ते, सगळं माझ्या वहीत असतं. आहे त्या ट्रकच्या जोडीला आणखी एक घ्यायचं ठरलं तेव्हा नवा परवडणार नव्हता, म्हणून वापरलेलाच शोधायला लागलो. त्यात अडीच महिने गेले, पाच गाड्या बघून झाल्या. तीन गाड्या पहिल्या अर्ध्या तासातच बाद झाल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. उरलेल्या दोघींची मीटरं मात्र तीन लाखांच्या आतच होती. एकीचं २,८४,००० किलोमीटर आणि दुसरीचं २,३१,४००. पहिली आम्ही सोडली, दुसरी घेतली. हे कसं ठरलं ते लिहितेय.

पहिली गाडी सात वर्षांची. रंग ताजा, सीटकव्हर नवं, केबिनमध्ये वास येईल इतकं पॉलिश. विकणारे म्हणाले, "ताई, मीटर बघा ना, अजून तीन लाखसुद्धा नाही." भावाला गाडी पाहताक्षणी आवडली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

भाऊ केबिनमध्ये चढला आणि पायरीवरच थबकला. पायरीच्या पत्र्यावर पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असते. क्लीनरच्या बाजूची नक्षी अजून बोटाला टोचत होती. ड्रायव्हरच्या बाजूला, नेमका जिथे पाय पडतो तिथे, तळहाताएवढी जागा आरशासारखी गुळगुळीत झालेली. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचं रबर कोरं होतं, पण क्लच पेडलच्या पिनला बोटभर खेळ होता. रबर कोणीही बदलतं. पायरीचा पत्रा बदलायचं सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.

मग त्याने एअर फिल्टरचं झाकण उघडलं. ही सवय त्याला आमच्या मिस्त्रीकाकांनी लावली आहे. फिल्टर बदलताना बरेच मेकॅनिक त्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात. आतल्या फिल्टरवर धुळीखाली पुसट अक्षरं होती. ओल्या फडक्याने हलकेच पुसल्यावर आकडा निघाला: ४,१२,६४०. तारीख वाचता आली नाही.

एका आकड्यावर कोणाला खोटं ठरवू नये असं मला वाटतं. फिल्टर दुसऱ्या गाडीतून काढून लावलेला असू शकतो. म्हणून आम्ही काहीच बोललो नाही, फक्त विचारलं की आमचे मिस्त्री लॅपटॉप घेऊन आले तर चालेल का. ते हो म्हणाले.

आमच्या भाषेत मायलेज म्हटलं की लोकांच्या डोक्यात डिझेलचं एव्हरेज येतं, आणि गाडी किती पळाली याला आपण नुसतं मीटर म्हणतो. गंमत म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींची साक्ष देतात. डॅशबोर्डवरचा डिजिटल आकडा योग्य यंत्र जोडलं की थोड्या वेळात बदलता येतो. पण आजच्या डिझेल ट्रकच्या इंजिनाचा स्वतःचा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. बहुतेक ईसीयू एकूण अंतराबरोबर इंजिन एकूण किती तास चाललं, त्यातले किती तास गाडी जागेवर उभी असताना चाललं आणि आजवर किती लिटर डिझेल जळलं, याचीही नोंद ठेवतात. मीटर मागे घेणारा माणूस किलोमीटर बदलतो. तास आणि लिटर बहुधा त्याच्या लक्षातच राहत नाहीत.

काकांनी केबल जोडली आणि मी वही उघडली. ईसीयूतलं अंतर मीटरशी बरोब्बर जुळलं, म्हणजे दोन्हीकडे हात फिरलेला असू शकत होता. इंजिनाचे तास निघाले १५,९००. त्यातले उभ्या गाडीचे २,१००. डिझेल १,६८,००० लिटर.

२,८४,००० ला १५,९०० ने भागलं. ताशी १८ किलोमीटरसुद्धा येईना. लांब पल्ल्याची गाडी म्हणून विकायला काढलेली आणि सरासरी वेग सायकलएवढा! उभ्या गाडीचे तास वजा केले तरी वीसच्या आसपासच. मग लिटरने भागलं: लिटरला १.६९ किलोमीटर. आमचा ट्रक त्याच वजनगटातला, तशाच मालाच्या फेऱ्या मारतो आणि माझ्या वहीत त्याचं एव्हरेज साडेतीन आहे, सरासरी वेग उभे तास धरून ३७. आता उलटा हिशेब केला. १५,९०० तास गुणिले ३७ म्हणजे ५,८८,३००. १,६८,००० लिटर गुणिले साडेतीन म्हणजे ५,८८,०००. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आम्ही एकाच ठिकाणी पोहोचलो. मी आकडे काकांपुढे धरले. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी केबल गुंडाळायला घेतली.

हा हिशेब डोळे झाकून प्रत्येक गाडीला लावू नका. काँक्रीट मिक्सरचं इंजिन गाडी उभी असतानाही ड्रम फिरवत असतं. टिपर खाणीत रांगेत उभा राहतो, कचऱ्याची गाडी दर पन्नास पावलांवर थांबते. या गाड्यांची सरासरी खरोखरच कमी येते, त्यात कोणाची लबाडी नसते. म्हणून गाडीने कोणतं काम केलं हे आधी विचारायचं आणि उभे तास वेगळे काढायचे. ईसीयूच बदललेला असेल तर त्याचे आकडेही अपुरे असतात, तेव्हा तो बदलल्याचं बिल मागायचं.

विकणाऱ्यांना आम्ही सरळ विचारलं. ते म्हणाले, मी घेतली तेव्हाच असं होतं. सर्व्हिस बुक हरवलं होतं. अधिकृत वर्कशॉपमधून चॅसी नंबरवर जुनी नोंद मालकाला मागता येते, ती मागायलाही ते तयार नव्हते. कदाचित ते स्वतःही फसले असतील. त्या दिवशी परत येताना भाऊ गाडीत एक शब्द बोलला नाही. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, कारण त्याने मनात त्या ट्रकला लायनीवर घालूनसुद्धा टाकलं होतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेत मीटर मागे फिरवण्याविरुद्ध १९७२ पासून केंद्रीय कायदा आहे. पण विकताना मीटरचा आकडा लेखी जाहीर करायच्या अटीतून १६,००० पौंडांपेक्षा जास्त ग्रॉस वजनाच्या, म्हणजे मालासकट कमाल वजनाच्या, गाड्यांना सूट आहे. म्हणजे कायदा असलेल्या ठिकाणीसुद्धा जड ट्रकच्या बाबतीत घेणाऱ्याला मीटरपलीकडेच बघावं लागतं.

दुसरी गाडी एका वयस्कर मालकांची, स्वतः चालवलेली. मी मीटर वाचत होते तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, तो आकडा धरू नका. मधे मीटर जळलं होतं. त्यात ३,०८,२०० मिळवा." आणि पिशवीतून बिल काढलं. डॅशबोर्डचं मीटर बदलल्याचं बिल, त्यावर तारीख, जुन्या मीटरचं रीडिंग आणि वर्कशॉपचा शिक्का. बेरीज झाली ५,३९,६००. पहिल्या गाडीचं आम्ही काढलेलं खरं अंतरही साधारण एवढंच होतं. फरक इतकाच की हे त्यांनी न विचारता सांगितलं.

तरी तपासलंच. तास १४,२००, म्हणजे ताशी ३८. डिझेल १,५१,००० लिटर, म्हणजे लिटरला ३.५७. मालकांकडे नऊ वर्षांची ऑइल बदलल्याची बिलं होती. घरी येऊन मी प्रत्येक बिलावरची तारीख आणि किलोमीटर आलेखाच्या कागदावर मांडले. असं करून बघाच, कारण यादीत जे डोळ्यांना दिसत नाही ते रेघेत दिसतं. रेघ एकसारखी चढत गेली होती. एका ठिकाणी मात्र सात महिने आडवी. फोन करून विचारलं तर म्हणाले, तेव्हा पाठीचं ऑपरेशन झालं होतं, गाडी दारात उभी होती. त्या काळात विमा चालू होता का, अपघाताचा काही दावा झाला होता का, हे विमा कंपनीकडून मालकांनीच काढून दिलं. दावा एकही नव्हता.

काकांच्या अंगात घाई नाही. ते सकाळी सहाला पोहोचले आणि आधी इंजिनाला हात लावून बघितला. गार होतं. आपण जायच्या आधीच कोणी गाडी चालू करून गरम केली असेल तर सकाळचा पहिला स्टार्ट आणि पहिला धूर कळतच नाही. चालू इंजिनावर त्यांनी ऑइलचं झाकण सैल करून तसंच ठेवलं. ते थोडं थरथरलं, पण उडालं नाही, आणि आतून धुराचा लोट आला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तिथून फसफस धूर येतो. मग टेपने दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या हबपासून, म्हणजे मधल्या भागापासून, मागच्या हबपर्यंत माप घेतलं. अपघातात चॅसी वाकली असेल तर दोन्ही बाजू जुळत नाहीत. इथे जुळल्या.

टायरवर बनवल्याच्या तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. स्टेपनी गाडीच्याच वयाची निघाली. काचांवरचे शिक्के सारखे होते, एक सोडून. त्या काचेचं बिल पिशवीत होतंच.

इंजिन ऑइलचा नमुना आम्ही प्रयोगशाळेत दिला. पहिल्या गाडीत ऑइल कालच बदललेलं होतं, त्यामुळे तपासून काही कळलं नसतं. इथलं ऑइल बरंच चाललेलं होतं. अहवालात लोह, तांबं, शिसं, सिलिकॉन असे आकडे येतात. लोह वाढलं तर लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि रिंगांकडे बघायचं, शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंगकडे, सिलिकॉन वाढलं तर धूळ आत जातेय. आमच्या अहवालात सिलिकॉन जरा जास्त आलं. काकांनी शोधलं तर एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या होजचा क्लॅम्प ढिला होता.

कागदपत्रांत एकच खोट सापडली. चॅसी नंबर सतरा खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. नोंदणीच्या कागदावर एका जागी ओ छापलं होतं. चॅसीवर वायर ब्रश मारून ग्रीस काढलं, तिथे स्पष्ट शून्य होतं. मालकांनी व्यवहाराआधी ते दुरुस्त करून घेतलं. बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र आणि थकीत दंड नसल्याची नोंदही त्यांनी तेव्हाच दिली.

करारनाम्यात मी एक ओळ आग्रहाने घालून घेतली: मीटर २,३१,४००, जुन्या मीटरचे ३,०८,२००, इंजिनाचे तास १४,२००, जळालेलं डिझेल १,५१,००० लिटर. मालकांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि सही केली. मग बिलांची ती अख्खी पिशवी माझ्या हातात दिली. आता तिच्यात पहिलं नवं बिल त्या क्लॅम्पचं आहे.