टँकमधलं 35 आणि रिफ्रॅक्टोमीटरमधलं 35

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये जेमतेम 40 लिटर पाणी आहे. त्यातलं एक लिटर उडालं की 35 पीपीटीचा (हजार भाग पाण्यात 35 भाग मीठ) खारेपणा जवळपास 36 होतो, कारण उडतं ते नुसतं पाणी, मीठ सगळं मागेच राहतं. हा फरक साधं आरओ पाणी भरलं की मिटतो. मला जास्त छळलं ते वॉटर चेंजने, म्हणजे टँकमधलं थोडं पाणी काढून बादलीत कालवलेलं नवं भरण्याने. 10 टक्के पाणी बदलताना नवं पाणी 33 चं असलं, तर 35 चा टँक 34.8 वर येतो. माशांना पत्ताही लागत नाही. पण दर वेळी बादली 33 चीच निघाली, तर सातव्या चेंजपर्यंत टँकने निम्मं अंतर कापलेलं असतं, आणि पुढे काही महिन्यांत तो बादलीच्याच आकड्यावर येऊन बसतो. म्हणून मी टँकइतकीच, खरं तर त्याहून जास्त, बादली जपून मोजतो.

सुरुवातीला काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारेपणा सांगणारं साधन) वापरला. त्याच्या काट्याला बारीकसा बुडबुडा चिकटला तरी काटा वर सरकतो, आणि मिठाचं पुट चढलं की जड होऊन खाली राहतो. काचेचा तरंगता हायड्रोमीटर कितीतरी भरवशाचा, फक्त तो ज्या तापमानाला आखलेला असतो ते पाळावं लागतं. 25 अंशांना समुद्राच्या पाण्याची घनता जेवढी असते, तेच पाणी 20 अंशांना जास्त घन असतं. हा फरक लक्षात घेतला नाही तर आकडा दीड-दोन पीपीटीने चुकतो. शिवाय त्याला उंच भांडं भरून पाणी लागतं, आणि छोट्या टँकमधून दर वेळी एवढं पाणी उपसणं जिवावर येतं.

मग रिफ्रॅक्टोमीटर आला, पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा सांगणारं यंत्र. दोन-तीन थेंबांत काम. आरओ पाण्याने शून्य लावलं, टँकचं पाणी बघितलं, बरोबर 35. काचेचा हायड्रोमीटर मात्र योग्य तापमानालाही साधारण 33.5 सांगत होता. कोणाचं खरं मानायचं? पुन्हा पुन्हा मोजूनही दोघं आपापल्या आकड्यावर ठाम.

उलगडा झाला तो रिफ्रॅक्टोमीटरच्या आतल्या आकड्यांच्या पट्टीचा. हौशी लोकांच्या हातात येणारे बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या पाण्यासाठी आखलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम असं बरंच काही असतं आणि ते प्रकाश थोडा जास्त वाकवतं. 35 पीपीटीचं समुद्राचं पाणी प्रकाश जेवढा वाकवतं, तेवढाच वाकवायला साध्या मिठाचं पाणी 36.5 पीपीटीचं लागतं. शून्यावर साध्या मिठाची आणि समुद्राच्या पाण्याची अशा दोन्ही पट्ट्या जुळतात, म्हणून आरओ पाण्याने कॅलिब्रेशन केलं की सगळं ठीक वाटतं. जिथे आपल्याला मोजायचंय तिथेच त्या फाकलेल्या असतात.

तेव्हापासून शून्यावर विसंबणं सोडलं आणि 35 वर जुळवायला द्रावण घरी केलं: 36.5 ग्रॅम कोरडं साधं मीठ आणि 963.5 ग्रॅम आरओ पाणी, दोन्ही वजन करून. इथे 0.1 ग्रॅम दाखवणारा वजनकाटाच हवा. एका ग्रॅमची चूक झाली की द्रावण तिथेच एक पीपीटीने सरकतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. हे द्रावण मी घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवतो. झाकण सैल राहिलं तर पाणी उडून तेही खारट होत जातं. त्याचे थेंब टाकायचे आणि स्क्रूने आत दिसणारी रेषा 35 वर आणायची, बस्स. पेनसारख्या कंडक्टिव्हिटी मीटरला मात्र हे चालत नाही. तो वीजवहन मोजतो, त्याला 3.7 टक्क्यांचं द्रावण लागतं, म्हणून त्याची बाटली वेगळी.

जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरनेही टँक 33.5 दाखवला. एकदम मीठ ओतायचा मोह होतो, पण कोरल (प्रवाळ) असलेल्या टँकमध्ये तो आवरावाच. मी एवढंच केलं की उडालेल्या पाण्याच्या जागी आरओऐवजी 35 चं खारं पाणी भरत गेलो. 40 लिटरला 60 ग्रॅम मीठ कमी होतं, म्हणजे असं पावणेदोन लिटर पाणी. ते बाष्पीभवनाच्या वेगानेच आत गेलं आणि कोरलचा एकही पॉलिप (फुलासारखा उमलणारा इवलासा जीव) मिटला नाही. मला याचं फार समाधान वाटलं.

आता चेंजच्या दिवशी आधी टँक आरओने खुणेच्या रेषेपर्यंत भरतो आणि पंपाने पाणी नीट फिरल्यावरच मोजतो. बादलीतलं पाणी आदल्या रात्रीच पंप आणि हीटर लावून कालवलेलं असतं. गढूळ दिसत असेल तर मोजण्यात अर्थ नाही, मीठ अजून विरघळतंय. मिठाचं माप डब्यावरच्या सूचनेनुसार घेतलं तरी आकडा गृहीत धरत नाही, कारण सॉल्ट मिक्स, म्हणजे टँकसाठीचं तयार मिठाचं मिश्रण, हवेतला ओलावा ओढतं आणि तेवढ्याच वजनात मीठ कमी येतं.

थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या प्रिझमवर (काचेच्या तिरक्या तुकड्यावर) टाकून झाकण हळू टेकवायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग अर्धा मिनिट थांबायचं. यंत्रावर तापमानाची आपोआप दुरुस्ती होते असं लिहिलेलं असलं, तरी थेंब आणि प्रिझम एका तापमानाला यायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. फार थांबलं तर थेंबच सुकू लागतो. खिडकीच्या उजेडात रेषा स्वच्छ दिसते, काही एलईडी दिव्यांखाली तिला रंगीत झालर येते.

10 लिटरची बादली 37 निघाली, तर 570 मिली आरओ पाणी घालतो. हिशोब सोपा आहे: 37 भागिले 35, त्यातून एक वजा, गुणिले 10 लिटर. कमी निघाली तर चमच्याने मीठ घालतो, तासभर फिरू देतो आणि परत मोजतो. शेवटी प्रिझम आरओ पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसतो, नाहीतर त्यावर सुकलेलं मीठ पुढच्या थेंबात विरघळून आकडा वाढवतं.